स्कीन्सचे चार उन्हाळे

(पिट्सबर्ग परिसरातील मराठी श्रोत्यांपुढे नोव्हेंबर २०२५मध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आपल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स याला या महिन्यात नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळाला, हे आता तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मत देणारे ३० पत्रकार होते आणि तिसांनीही पहिलं नाव त्याचंच लिहिलं. पायरेट्सच्या इतिहासात हा मान मिळवणारा तो तिसरा पिचर. १९६०मध्ये व्हर्न लॉ, १९९०मध्ये डग ड्रेबेक आणि आता हा तेवीस वर्षांचा मुलगा. नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.९७ रन दिले. २१६ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केलं. अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर, यंदा याहून चांगली सरासरी कुणाची नव्हती.

आणि त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? तेही दहाच.

१८ मे रोजी फिलाडेल्फियात काय झालं ते आठवा. स्कीन्सने त्या दिवशी कारकिर्दीत पहिल्यांदा संपूर्ण सामना एकट्याने टाकला. आठ इनिंग, एक रन. सामना आपण १-० असा हरलो. ज्यांना या खेळाची अजून पुरती सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिचर कितीही उत्तम टाकू दे, आपल्या बॅटरनी एकही रन केला नाही तर त्याच्या हातात काहीही उरत नाही. सहा फूट सहा इंचांचा हा गडी ताशी शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकतो. मग त्याच हाताच्या झटक्याने तो तसाच दिसणारा दुसरा चेंडू सोडतो, जो बॅटरजवळ येता येता खाली घसरतो. त्याला 'स्प्लिंकर' म्हणतात. समोरचा बॅटर बॅट फिरवतो तेव्हा चेंडू त्याच्या गुडघ्याखाली गेलेला असतो. असा पिचर ज्या संघाकडे आहे, तो संघ २०२५मध्ये ७१ सामने जिंकला आणि ९१ हरला.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पिट्सबर्गमध्ये आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो की धीर धरा, पोरं तयार होतायत. पोरं तयार झाली आहेत. आता धीर धरायला सांगणाऱ्यांनी स्वतः घाई करायला हवी, कारण स्कीन्स आपल्याकडे फक्त आणखी चार उन्हाळे आहे.

हे चार कुठून आले ते नीट समजून घेऊ. मेजर लीगमध्ये खेळाडूची सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की तो मोकळा होतो आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जाऊ शकतो. साधारण पहिली तीन वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास असतो, पुढची तीन लवादाच्या मार्गाने ठरतो. त्यामुळे क्लब काय करतात, तर तयार झालेल्या मुलालाही काही आठवडे खालच्या लीगमध्ये बसवून ठेवतात. त्याचं पहिलं वर्ष अपुरं मोजलं जावं आणि सातव्या वर्षीही तो आपल्याच हातात राहावा, हा हिशेब. स्कीन्सला २०२४मध्ये थेट ११ मे रोजी वर आणलं, तेव्हा बऱ्याच जणांनी हाच अर्थ काढला होता. पण मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२च्या करारात एक नवं कलम आलं आहे: जो नवखा वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येईल, त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स पहिला आला. म्हणजे २०२९चा मोसम संपला की तो मोकळा. २६, २७, २८ आणि २९, बस.

यातलंही एक वर्ष अर्धवट जाऊ शकतं. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतोय. मागच्या वेळी करार संपला तेव्हा टाळेबंदी ९९ दिवस चालली होती. तेव्हा चार म्हणतानाही मनात थोडी धाकधूक ठेवा.

आता संघाकडे बघू. पिचिंगची बाजू इतकी भक्कम आहे की त्यावर फार वेळ घालवत नाही. स्कीन्स आहे. पाच वर्षांच्या ७.७ कोटी डॉलर्सच्या करारावर मिच केलर आहे. ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट आणि माइक बरोज यंदा वर आले आणि टिकले. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर योहान ओव्हिएडो परतला. जेरेड जोन्सही सध्या कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरतोय. आणि बबा चँडलर. या मुलाला क्लेमसन विद्यापीठ अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून घेऊन जाणार होतं, तो इकडे आला. २२ ऑगस्टला त्याचं पदार्पण झालं ते सुरुवातीचा पिचर म्हणून नव्हे, मागून येऊन. चार इनिंग टाकल्या, रन एकही नाही आणि पहिल्याच दिवशी सेव्ह, म्हणजे आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद. माउंडवरचा, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरचा, त्याचा आत्मविश्वास बघून मला वाटलं, याला उन्हाळाभर इंडियानापोलिसमध्ये, मेजर लीगच्या एकच पायरी खालच्या आपल्या संघात, ठेवायचं खरंच काय कारण होतं?

म्हणजे सुरुवात करू शकतील असे सहा-सात पिचर आपल्याकडे आहेत आणि एका संघाला लागतात पाच. यातले एक-दोन देऊन बॅटर आणावेत, हे माझं स्पष्ट मत आहे. स्कीन्स आणि चँडलर सोडून कुणाचंही नाव चर्चेत आलं तरी मी घाबरणार नाही.

कारण बॅटिंगची बाजू बघवत नाही. २०२५मध्ये आपण ११७ होम रन मारले, म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके. तीसच्या तीस संघांत सर्वांत कमी. रनही सर्वांत कमी. ओनील क्रूझचंच उदाहरण घ्या. सहा फूट सात इंच उंची. मे महिन्यात इथेच, पीएनसी पार्कमध्ये, त्याने मारलेला चेंडू बॅटवरून ताशी १२२.९ मैलांनी सुटला, म्हणजे जवळजवळ १९८ किलोमीटर. २०१५पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो, तेव्हापासूनचा हा सर्वांत जोरदार फटका. मैदानात होतो त्यांना आवाजावरूनच कळलं, चेंडू कुठे जातोय ते बघायची गरजच पडली नाही. आणि हाच क्रूझ वर्षअखेर .२००वर आला. म्हणजे दर पाच वेळा एक हिट. डावखुरा पिचर समोर आला की त्याचं काही चालत नाही. त्याला विकून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, ती ताकद शिकवून येत नाही. पण पाच वर्षं एकाच मुलाकडे आशेने बघत राहणं म्हणजे संघबांधणी नव्हे.

ब्रायन रेनॉल्ड्सचा १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर्सचा करार क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा. माणूस कष्टाळू, कुरकुर नाही, पण त्याचे सर्वोत्तम दिवस मागे पडू लागलेत. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला कॅचर हेन्री डेव्हिस यष्टीमागे छान सुधारला. हो, आपण त्याला यष्टीमागेच म्हणू या. स्कीन्सच्या अनेक सामन्यांत तोच बसला होता. पण त्याची निवड बॅटसाठी झाली होती आणि बॅट चाललेली नाही. २०२०मध्ये सातव्या क्रमांकावर निक गोन्झालेस, २०२२मध्ये चौथ्या क्रमांकावर टरमार जॉन्सन. इतक्या वरच्या निवडी आणि त्यांतून मधल्या फळीत भरवशाने उभा करावा असा एकही बॅटर नाही. इथे नशिबाला दोष देता येणार नाही. आपल्याकडे पिचर घडवायची हातोटी आहे, बॅटर घडवायची अजून नाही.

ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करा म्हटलं की या शहरात लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि का येतो ते मला माहीत आहे. ३१ जुलै २०१८. आपण टॅम्पा बेकडून क्रिस आर्चर आणला. बदल्यात टायलर ग्लॅस्नो, ऑस्टिन मेडोज आणि नंतर जाहीर होणारा एक खेळाडू दिला. तो तिसरा निघाला शेन बॅझ, आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला. आर्चर इथे चालला नाही. मेडोज दुसऱ्याच वर्षी ऑल-स्टार झाला. आणि ज्या ग्लॅस्नोला आपण राखीव पिचर म्हणून मागे बसवलं होतं, त्याला टॅम्पाने नेल्या नेल्या पहिल्या इनिंगपासून चेंडू दिला. याच महिन्याच्या पहिल्या तारखेला लॉस एंजेलिसचे डॉजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अंतिम विजेतेपद, जिंकले, त्यांच्या ताफ्यात ग्लॅस्नो होता.

यातून तरुण पोरं कधीच द्यायची नाहीत असा धडा बरेच जण घेतात. मला तो चुकीचा वाटतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत आपण अँड्र्यू मकचनला जायंट्सकडे पाठवलं, तेव्हा सगळं शहर हळहळलं, आणि त्याच देवाणघेवाणीत रेनॉल्ड्स आला. देणं वाईट नसतं. २०१८मध्ये क्लबला आपल्याच घरातल्या मुलांची किंमत कळली नाही, खरा दोष तो आहे. आज पिचर ओळखण्यात हाच क्लब इतरांच्या पुढे आहे. मग ज्याची पारख आहे त्यातलंच थोडं देऊन, ज्याची पारख नाही ते तयार स्वरूपात आणावं.

आता ज्याच्यासाठी तुमच्यापैकी बरेच जण आले आहेत त्या मुलाकडे वळतो. कॉनर ग्रिफिन. मिसिसिपीतला, २४ एप्रिल २००६चा जन्म, म्हणजे आज एकोणीस वर्षांचा. शाळा एक वर्ष आधी संपवून तो २०२४च्या ड्राफ्टला आला. नवव्या क्रमांकापर्यंत कुणी घेतला नाही याचं कारण काय, तर याची बॅट फिरवायची पद्धत विस्कळीत आहे, हा चेंडू चुकवणार, असं स्काउट मंडळींचं, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांचं, म्हणणं होतं. पायरेट्सने त्याला घेतलं, त्याचा पवित्रा आणि बॅटचा मार्ग साधा केला, आणि २०२५मध्ये मैदानात उतरवलं. सुरुवात ब्रेडन्टनला, खालच्या ए पातळीवर. तिथून ग्रीन्सबरो. तिथून अल्टूना, डबल ए. एका उन्हाळ्यात तीन पायऱ्या. सरासरी .३३३, होम रन २१, चोरलेले बेस ६५. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने त्याला मायनर लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

आकडे बाजूला ठेवा. डबल ए ही अशी पायरी आहे जिथे बहुतेक पोरांची खरी परीक्षा होते, कारण समोरचा पिचर केवळ वेगावर भागवत नाही, तो तुमची कच्ची जागा शोधून तिथेच मारा करतो. ग्रिफिनच्या वयाची बहुतेक मुलं या वेळी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असतात. तो तिथे गेला आणि गडबडला नाही. आणि तो शॉर्टस्टॉप आहे. मैदानातली सर्वांत अवघड जागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उजवीकडे धावत जाऊन, तोल जात असताना फेकलेला त्याचा चेंडू पहिल्या बेसवर छातीच्या उंचीवर पोचतो. इतका पूर्ण खेळाडू या क्लबच्या खालच्या संघांत मी मकचननंतर पाहिलेला नाही.

ब्रेडन्टनचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. भारतातल्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशचे दोन तरुण, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, नोव्हेंबर २००८मध्ये पायरेट्सनेच करारबद्ध केले आणि ते याच ब्रेडन्टनला आले. दोघेही मूळचे भालाफेकपटू. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा पहिला भारतीय म्हणून रिंकूचं नाव नोंदलं गेलं. तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही, दुखापतींनी त्याला थांबवलं. पण आपल्याला या क्लबबद्दल जरा जास्त जिव्हाळा वाटावा, याला हे कारण पुरेसं आहे.

ग्रिफिनबद्दलचा प्रश्न आता एकच आहे: मार्चअखेर मोसम सुरू होईल तेव्हा तो कुठे असेल? त्याला इंडियानापोलिसला पाठवून जूनपर्यंत थांबावं, असा सल्ला पुष्कळ जण देतील. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे मोसमाआधीच्या सरावात, त्याने स्वतःला सिद्ध केलं तर मी एक दिवसही थांबणार नाही. नियमही आता थांबणाऱ्याच्या बाजूने नाहीत. नावाजलेल्या नवोदिताला पहिल्या दिवसापासून संघात ठेवलं आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. त्याहून मोठं कारण म्हणजे स्कीन्स आणि ग्रिफिन एकत्र खेळतील असे दिवस मोजकेच आहेत. त्यातले तीन महिने इंडियानापोलिसला का द्यायचे?

यादी सांभाळणं हे कारकुनी काम नाही, हे पिट्सबर्गला कुणी सांगायची गरज नसावी. याच आठवड्यात सगळ्या क्लबांनी ४० जणांच्या यादीत कुणाला जागा द्यायची ते ठरवलं. ज्यांना खालच्या संघांत ठराविक वर्षं झाली आणि तरी यादीत जागा मिळाली नाही, त्यांना डिसेंबरमध्ये दुसरा कुठलाही क्लब उचलू शकतो. याला रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणतात. १९५४मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या एका मुलाला १०,००० डॉलर्स देऊन घेतलं होतं आणि माँट्रियलच्या संघात ठेवलं होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एवढी रक्कम दिलेल्या मुलाला मुख्य संघात ठेवलं नाही, तर तो हातचा जाऊ शकत होता. म्हणून माँट्रियलमध्ये त्याला फारसं खेळवतच नसत, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. पायरेट्सचा स्काउट क्लाइड सुकफर्थ गेला होता भलत्यालाच बघायला, जो ब्लॅक नावाच्या पिचरला. सामन्याआधीच्या सरावात उजव्या मैदानातून फेकणाऱ्या त्या मुलाचा हात त्याला दिसला, आणि तो ब्लॅकला विसरला. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते म्हणून पहिली निवड त्यांची. ४,००० डॉलर्समध्ये रोबर्टो क्लेमेंटे आपल्याकडे आला. पुढचे १८ मोसम तो दुसऱ्या कुठल्याही संघाकडून खेळला नाही. १९६० आणि १९७१ची वर्ल्ड सिरीज, बरोबर ३,००० हिट्स, आणि १९७२च्या वर्षअखेरीच्या रात्री निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात मृत्यू. पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक २१ होता.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याच भिंतीवरची २१ क्रमांकाची खूण काढून तिथे जाहिरात लावली गेली. क्लेमेंटेंच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केली, शहर संतापलं, तेव्हा खूण परत आली. मला त्या घटनेचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. क्लबकडे काय आहे हेच क्लबला ठाऊक नसावं, याचं दुःख पराभवापेक्षा मोठं असतं.

मालकांबद्दल बोलायलाच हवं. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीची थैली सारखी असते. इथे तसं नाही. डॉजर्सचा पगारखर्च ३० कोटी डॉलर्सच्या वर गेला आहे, आपला १० कोटींच्या आत राहतो. ही दरी खरी आहे आणि ती एकट्या बॉब नटिंगनी निर्माण केलेली नाही. पण मिलवॉकीही लहानच शहर आहे आणि ब्रूअर्सनी यंदा ९७ सामने जिंकले, साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. बेन चेरिंग्टन २०१९च्या नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर झाले. तेव्हापासून बाहेरच्या एकाही मोकळ्या खेळाडूशी आपण एका वर्षाहून मोठा करार केलेला नाही. सहा वर्षांत एकही नाही. की'ब्रायन हेजला आठ वर्षांचे ७ कोटी दिले, त्याची पाठ दुखू लागली, बॅट थंडावली आणि जुलैमध्ये तो सिनसिनाटीला गेला. तो हात पोळला म्हणून ग्रिफिनशी लवकर दीर्घ करार करायला क्लब कचरला, तर मला ते पटणार नाही. असे करार दहातले तीन फसतातच. उरलेल्या सातांवर लहान शहरांचे संघ उभे राहतात.

१९९३ ते २०१२ या शहराने सलग २० पराभवाचे मोसम काढले. नंतर २०१३ची ती रात्र आली, सिनसिनाटीविरुद्ध, अख्खं स्टेडियम काळ्या कपड्यांत, सगळे त्यांचा पिचर क्वेटो याच्या नावाचा सुरात जप करतायत, त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच फेकीवर रसेल मार्टिनने होम रन मारला. २०१५मध्ये ९८ सामने जिंकलो. तेव्हापासून एकदाही प्लेऑफ नाही. २०१९पासून सात मोसम सलग पराभवाचे. व्यवस्थापक डेरेक शेल्टनना मेमध्ये काढून याच भागातल्या बटलरच्या डॉन केलींना आणलं. केलींनी सूत्रं घेतल्यावर संघ पुष्कळ नीट खेळला, हे मान्य करतो. पण व्यवस्थापक होम रन मारत नाही.

म्हणून या हिवाळ्यात मला तीन बॅटर हवे आहेत: पहिल्या बेसवर किंवा डीएच, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा खेळाडू, म्हणून ताकदीने मारणारा डावखुरा एक, हेज गेल्यावर रिकामी झालेल्या तिसऱ्या बेससाठी एक, आणि डाव्या मैदानात एक. त्यातला निदान एक पिचर देऊन आणि निदान एक पैसे देऊन. तिसरा खालच्या संघांतून आला तर उत्तमच. ब्रेडन्टनला एडवर्ड फ्लोरेन्टिनो नावाचा डोमिनिकन मुलगा आहे, उंच, शांत, चेंडू निवडून मारणारा. पण तो अजून लहान आहे. त्याच्या भरवशावर २०२६ची आखणी कुणी करू नये.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं लिटल लीगमध्ये खेळतात त्यांनी एप्रिल-मेमध्ये एकदा त्यांना अल्टूनाला न्यावं. दोन तासांचा रस्ता आहे, तिकीट स्वस्त आहे, आणि कुंपणापाशी उभं राहिलं की पिचरच्या बोटांतून चेंडू सुटतानाचा आवाज ऐकू येतो. ग्रिफिन तेव्हा तिथे दिसू नये अशीच माझी इच्छा आहे. तो इथे, नॉर्थ शोअरवर, पीएनसी पार्कमध्ये, शॉर्टस्टॉपच्या जागी उभा असावा आणि माउंडवर स्कीन्स असावा. आता तुमचे प्रश्न घेतो. क्रूझला कुठे खेळवायचं यावर मागच्या रांगेत मघापासून वाद चाललाय, तिथूनच सुरुवात करू.